‘जपून कर’ एवढ्याने भागत नाही

सुगीचे दिवस आले की गावाचे रूप पालटते. सोयाबीन असो, गहू असो, हरभरा असो, शिवारात सुड्या उभ्या राहतात आणि एकेकाच्या खळ्यावर मळणी यंत्राची घरघर सुरू होते. पूर्वी तिवड्याभोवती बैलांची पात धरून चार-चार दिवस चालणारे काम आता काही तासांत उरकते. यंत्राने आपले कष्ट वाचवले, अवकाळी पावसाच्या तोंडातून कितीकांचे धान्य वाचवले. हे उपकार मान्यच केले पाहिजेत. तेव्हा आज मी यंत्राविरुद्ध बोलायला आलेलो नाही. याच सुगीत कुठल्या ना कुठल्या गावी एक गोष्ट घडते, तिच्याविषयी बोलायचे आहे. पेंढीबरोबर माणसाचा हात यंत्रात जातो. कुणाची बोटे जातात, कुणाचे मनगट, कुणाचा कोपरापर्यंतचा हात. क्षणाचा प्रकार, पण त्या क्षणाने एका घराचे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे गणित बिघडून जाते.

अशी बातमी आली म्हणजे पारावर दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. पहिले, ‘नशिबात होते, दुसरे काय?’ आणि दुसरे, ‘अहो, पण त्याने जपून करायला नको होते का?’ नीट पाहा, पहिले वाक्य दोष दैवाला देते आणि दुसरे जखमी माणसाला देते. यंत्राला आणि काम करण्याच्या रीतीला मात्र कोणी काही विचारीत नाही. म्हणून तेच यंत्र, तसेच उघडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या खळ्यावर जाऊन उभे राहते.

‘जपून कर’ हा उपदेश काही वाईट नाही. आई लेकराला म्हणते, घरधनी गड्याला म्हणतो, मायेपोटीच म्हणतात. पण तो पुरा पडत नाही. का पडत नाही, हे थोडा हिशेब करून पाहू. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हिशेबाची खोड जडली आहे. तेवढी आपण चालवून घ्याल.

समजा, यंत्राच्या तोंडाशी उभा असलेला गडी दर पाच सेकंदांना एक पेंढी आत सरकवतो. म्हणजे मिनिटाला १२ आणि तासाला ७२० पेंढ्या झाल्या. आठ तास काम चालले, तर त्याचा हात त्या तोंडापर्यंत ५,७६० वेळा जातो. डोळ्यांत भुसा, कानांत घरघर, दिवसा डोक्यावर ऊन आणि रात्री पेंग. अशा स्थितीत त्याने ५,७६० वेळा जपायचे. आणि तो बिचारा जपतोही! ५,७५९ वेळा जपतो. एकदा चुकतो, आणि आपण म्हणतो, ‘जपायला नको होते का?’

आता दुसऱ्या बाजूला यंत्र पाहा. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो, तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक अडकले हे लक्षात येऊन हात हलेपर्यंत तरतरीत माणसालाही पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात दांड्याचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. माणसाची सावधगिरी आणि यंत्राची गती यांची शर्यत लावली, तर माणूस हरणारच. त्यात त्याच्या अकलेचा किंवा हुशारीचा प्रश्न नाही.

मग उपाय काय? शर्यतच लागू नये अशी व्यवस्था करायची. विहिरीपाशी पोरे खेळतात, तेव्हा ‘जपून खेळा रे’ एवढे सांगून आपण थांबत नाही. विहिरीला कठडा बांधतो. पोराचे ध्यान सुटले, तरी कठड्याचे ध्यान सुटत नाही. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता म्हणजे हाच कठडा. माणूस चुकणार हे धरून चालायचे, आणि त्याची चूक त्याच्या जिवावर बेतणार नाही अशी रचना आधीच करून ठेवायची.

मळणी यंत्राचा कठडा कोणता? ज्या पन्हळीतून आपण पेंढी आत सरकवतो, ती पन्हळ. ती निदान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमाकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानकांत घालून दिलेले आहे. हे आकडे कोणी उगीच ठरवलेले नाहीत. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाऊण मीटरच्या आसपास भरतो. पन्हळ त्याहून लांब आणि पुढे झाकलेली असली, म्हणजे झोपेत झुकलेल्या माणसाचाही हात सहसा फिरत्या दात्यांपर्यंत पोचत नाही. आखूड, उघड्या पन्हळीत मात्र तो वीतभर पुढे सरकला की संपले.

तसाच पट्ट्यावरचा पत्रा आणि फिरत्या दांड्यावरची नळी. ही दोन्ही आवरणे जागच्या जागी हवीत. ती असली, तर पदराला, धोतराच्या सोग्याला किंवा मोकळ्या केसांना पकडायला तिथे काही उघडे उरत नाही. त्यावर मग आपली जपणूक. माझ्या बहिणी रानात कामाला जाताना लुगड्यावरून शर्ट चढवतात, ती रीत फार चांगली आहे; पदर आत खोचला जातो. ओला माल अडकला, तर तो हाताने रेटायचा नाही. यंत्र बंद करायचे, ड्रम पुरता थांबू द्यायचा आणि मगच हात लावायचा. तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला तासातासाने बदली द्यायची. पाय ठेवायला भुसभुशीत ढीग किंवा डुगडुगणारी बाज नको, घट्ट सपाट जागा हवी. रात्री मळणी करायची, तर तोंडावर भरपूर उजेड हवा. आणि लहान पोरांना खळ्याच्या त्या बाजूला फिरकू द्यायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘मास्तर, हे सगळे ठीक आहे, पण यंत्र आमचे नसते. आम्ही ते भाड्याने बोलावतो.’ खरे आहे, आणि खरी मेख इथेच आहे. मळणीचा भाव बहुधा पोत्यावर ठरतो. जितकी पोती जास्त, तितके यंत्रवाल्याचे पैसे जास्त. झाकणामुळे माल जरा सावकाश आत जातो, तेव्हा झाकण निघते आणि बांधावर पडून राहते. शेतकऱ्यालाही घाई असते, कारण आभाळ भरून आलेले असते. घाईचा फायदा यंत्रवाल्याला आणि शेतकऱ्याला मिळतो, हात मात्र मजुराचा जातो. झाकण काढण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला तोंडाशी उभे राहावे लागत नाही. जो उभा राहतो, त्याला कोणी विचारलेले नसते. सगळ्या कामाच्या ठिकाणांवरील अपघातांच्या मुळाशी बव्हंशी हीच गोष्ट असते. म्हणून माझी शेतकरीबंधूंना एकच विनंती आहे. यंत्रवाला दारात आला की आधी त्याचे यंत्र पाहा आणि मग दर बोला. आधी झाकण, मग भाव. गावातल्या दहा शेतकऱ्यांनी हा हट्ट धरला, तर अकराव्याच्या खळ्यावर यंत्र आपोआप झाकण लावून येईल.

ही मागणी काही नवी नाही. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या मागण्यांचा अर्ज केला होता. साडेपाच हजार कामगारांच्या त्या अर्जात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. आणि आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झाली, तर बरा होईपर्यंत कामगाराला पुरता पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती आपण सारे आजही भोगतो. दुखापतीच्या भरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडले.

आणखी एक फरक पाहण्यासारखा आहे. कारखान्यातल्या धोक्याच्या यंत्राला कुंपण असावे, हे आपल्या देशाच्या पहिल्या कारखाना कायद्यात, म्हणजे १८८१ सालीच आले. तो कायदा मोठ्या कारखान्यांपुरता होता, पण तत्त्व मान्य झाले होते. मळणी यंत्रासारख्या शेतातल्या यंत्रांकडे वळणारा धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा आला तो १९८३ साली. गिरणीच्या पट्ट्यापासून खळ्याच्या पट्ट्यापर्यंत यायला कायद्याला १०२ वर्षे लागली! आणि कायदा आला, तरी प्रत्येक खळ्यावर निरीक्षक उभा राहू शकत नाही. खळ्यावरचा निरीक्षक म्हणजे आपणच.

खळ्यावरून आता कपाशीच्या रानात जाऊ, कारण तेही माणसाचे कामाचेच ठिकाण आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती, हवा दमट होती, दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारली जात होती. उंच पिकात फवारा वर धरावा लागतो आणि तो फिरून अंगावर, तोंडावर येतो. तिथेही ‘जपून मार’ असे कोणीतरी म्हटलेच असेल. पण विषाच्या ढगात उभ्या असलेल्या माणसाने जपायचे म्हणजे काय करायचे? श्वास घ्यायचा नाही?

आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, इथूनच घोटाळा सुरू होतो. ते विष आहे. १९५८ साली केरळात कीटकनाशक सांडलेले गव्हाचे पीठ पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, आपला कीटकनाशक कायदा झाला. डब्यावर जो रंगीत त्रिकोण छापलेला असतो, तो विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नका.

इथला कठडा कसा बांधायचा? पहिली पायरी, फवारणी खरोखर हवी का ते पाहणे. कीड किती आहे ते मोजून, कृषी सहायकाला विचारून मगच फवारा. न मारलेले विष कोणाला बाधत नाही. दुसरी पायरी, मारावेच लागले तर कमी जहाल निवडणे आणि दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर दोन-तीन डबे एकत्र न करणे. तिसरी, कामाची रीत बदलणे. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, भर उन्हात फवारू नये, एकाच माणसाला दिवसभर पंप देऊ नये, पीक डोक्याला लागले असेल तर आत शिरू नये. आणि चौथी पायरी हातमोजे, चष्मा, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाफ अडवणारा मुखवटा यांची. तोंडाला बांधलेला साधा रुमाल विषाची वाफ अडवत नाही, उलट भिजला की तेच विष तोंडाशी धरून ठेवतो. हे साहित्य मजुराने आणायचे नसते. ज्याचे रान आणि ज्याचा पंप, त्याने ते द्यायचे. विष हाताने ढवळू नये, नळी तुंबली तर तोंडाने फुंकू नये, आणि रिकामा डबा घरात पाण्याला किंवा तेलाला वापरू नये.

तिसरे ठिकाण विहीर. गाळ काढायला किंवा मोटार काढायला एक जण उतरतो, तळाशी जाऊन कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी उतरतो. एका घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंद पडलेल्या, खोल विहिरीत तळाशी कुजल्याने झालेले वायू साचतात आणि प्राणवायू कमी पडतो. विहिरीत उतरवून चालवलेल्या इंजिनाच्या धुरातला विषारी वायू तर दिसतही नाही आणि त्याला वासही येत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे खरे. पण तो विझला नाही म्हणून उतरायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही, कारण काही विषारी वायूंत ज्योत जळत राहते. आणि पेटणारा वायू साचला असेल, तर त्याच ज्योतीने भडका उडतो.

म्हणून विहिरीचा कठडा हा की उतरण्यापूर्वी पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा बराच वेळ आत सोडावी; इंजिन आत उतरवू नये; उतरणाऱ्याच्या काखेतून पक्का दोर बांधलेला असावा आणि त्याचे टोक वर उभ्या असलेल्या चार माणसांच्या हाती असावे. दोर बांधलेला असला, म्हणजे त्याला काढायला दुसऱ्याला उतरावेच लागत नाही. आणि दोर नसताना कोणी खाली पडलाच, तर पाठोपाठ उडी घालणे हे धाडस दिसते, पण त्याने एकाऐवजी दोन तिरड्या निघतात. हवा सोडा, अग्निशमन दलाला बोलवा. अशा वेळी स्वतःला आवरणे फार कठीण असते. म्हणूनच दोर आधी बांधायचा.

इतके करूनही अपघात झालाच, तर काय करावे तेही थोडक्यात सांगतो. हात कापला गेला, तर यंत्र बंद करा, स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. लवकर पोचल्यास ते पुन्हा जोडता येण्याची आशा असते. फवारणीनंतर खूप घाम, लाळ, अंधारी, मळमळ किंवा स्नायूंची थरथर सुरू झाली, तर माणसाला रानाबाहेर आणा, कपडे काढून साबणाच्या पाण्याने अंग धुवा, दूध-तूप पाजत बसू नका आणि डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. डब्यावरचे नाव पाहून डॉक्टरांचा वेळ वाचतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

पैशांची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या राज्यात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख रुपये, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एक माणूस यांच्यासाठी आहे. यंत्राच्या तोंडाशी बहुधा जो उभा असतो, त्या भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याला न्याय मागायचा असेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे गरजूंना फुकट सल्ला आणि वकील मिळतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. ते आपण सांगावे.

शेवटचे दोन शब्द शिक्षकबंधू-भगिनींसाठी. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. आपल्याकडे तेव्हा गहू-हरभऱ्याची मळणी चालू असते. त्या दिवशी फळ्यावर घोषवाक्य लिहून थांबू नका. गावातले एखादे बंद उभे असलेले यंत्र त्याच्या मालकाला सांगून मुलांना दाखवा. मोजपट्टी घेऊन पन्हळीची लांबी मोजू द्या, ९० सेंटिमीटर भरते का ते वहीत लिहू द्या. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत किती भरतो तेही मोजू द्या, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. कीटकनाशकाच्या त्रिकोणांची चित्रे वर्गात रंगवून घ्या. अशा मुलाने संध्याकाळी घरी जाऊन ‘बाबा, आपल्या यंत्राची पन्हळ ६० सेंटिमीटरच आहे’ असे सांगितले, की बापाला ते सहसा विसरता येत नाही.

श्रोतेहो, नशीब नावाची गोष्ट असेल किंवा नसेल, त्या वादात मी पडत नाही. पण आखूड पन्हळ नशिबाने आखूड झालेली नसते. ती कोणीतरी तशी बनवलेली असते, कोणीतरी तशी विकत घेतलेली असते आणि कोणीतरी तशीच चालवू दिलेली असते. जे माणसांनी केले, ते माणसांना बदलता येते. येत्या सुगीत आपल्या खळ्यावर गडी-बायका कामाला येतील, तेव्हा त्यांना ‘जपून करा’ असे जरूर म्हणा. पण त्याआधी यंत्राचे झाकण लावलेले आहे की नाही, ते स्वतः जाऊन पाहा.